हरला नाही, हरवला

लिंबागणेशला एका चहाच्या हॉटेलात पाटी लावलेली आहे : 'येथे राजकारणावर चर्चा करू नये.' खाली 'हुकमावरून' असं आहे. हुकूम कुणाचा ते नाही. बीड जिल्ह्यात अशी पाटी लावणं म्हणजे पंढरपुरात 'येथे अभंग म्हणू नयेत' असं लिहिण्यासारखं आहे. पण हॉटेलवाल्या नानांचा हिशेब पक्का. राजकारण निघालं की चहा दोन खपतात आणि ग्लास चार फुटतात. लोकांनी पाटी मानली हे विशेष. मात्र भांडणाची हौस पाटीनं भागत नसते. ती दुसरा विषय शोधते. इथं तिला कुस्ती सापडली.

कुस्ती म्हणजे खेळायची नव्हे. त्या टेबलावर रोज बसणाऱ्यांपैकी एकाचाही लंगोटाशी निदान तीस वर्षांत संबंध आलेला नाही. इथली कुस्ती म्हणजे 'तुझा पैलवान मोठा का माझा?' एवढ्या एका प्रश्नावर सकाळी सातला सुरू होऊन, मधे जेवणाची सुट्टी घेऊन, दिवेलागणीपर्यंत चालणारा फड. त्याला ना हलगी लागते, ना माती, ना इनाम. दोन खुर्च्या आणि एक मोबाइल पुरतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. गावचा देव भालचंद्र गणपती. गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला आणि त्या शापातून तो इथं आराधना करून सुटला, अशी कथा आहे. चंद्रपुष्करिणी तीर्थ त्याच कथेतलं. हसणाऱ्याला जिथं माफी मिळाली असं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. त्याच भरवशावर पुढचं लिहितो आहे.

टेबलावरची मुख्य जोड म्हणजे बप्पा आणि अण्णा. वय जवळपास सारखं, जमीन सारखी, गुडघेही सारखेच गेलेले. फरक फक्त बाजूचा. अण्णा कोल्हापूरवाले. जन्मले इथंच, पण उमेदीची बरीच वर्षं ऊसतोडीत गेली. दसरा झाला की कोयता घेऊन जोडीनं पश्चिमेकडं जायचं, पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. इतक्या हंगामांत अण्णांनी तिकडून दोन गोष्टी कायमच्या आणल्या : कंबरदुखी आणि कोल्हापूरची बाजू. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान १९१२ सालचं; अण्णा त्याच्याबद्दल असे बोलतात, जणू विटा यांनीच वाहिल्या. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं घेताना ते कानाच्या पाळीला हात लावतात. रंगात आले की बोलीही बदलते आणि 'नाद खुळा' ऐकू यायला लागतं. तेव्हा नाना त्यांच्यापुढचा ग्लास गुपचूप उचलून घेतात.

बप्पा मराठवाडावाले. जिल्ह्याबाहेर फारसे गेलेले नाहीत, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या कुस्तीला जातीनं हजर होते. त्यांचं दैवत हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला आणि सत्तरच्या दशकात बेळगावात त्यानं दिल्लीच्या सतपालला लोळवलं. तोच सतपाल पुढं १९८२ च्या एशियाडमध्ये सोनं घेऊन आला. ती बेळगावची कुस्ती बप्पा अशी सांगतात की ऐकणाऱ्याच्या अंगाला माती लागते. एकदा त्यांचं आधार कार्ड कशाला तरी माझ्या हातात आलं. जन्मसाल १९७४. म्हणजे कुस्तीच्या वेळी बप्पा फार तर पाच वर्षांचे.

मी भीत भीत विचारलं, ''बप्पा, तुम्ही लईच लहान असाल की तव्हा?''

''लहानच व्हतो. वडलाच्या खांद्यावर बसून बघितली.''

''पण बेळगाव इथून केवढं लांब!''

''खांद्यावर बसल्यावर लांब काय अन् जवळ काय?''

यावर अण्णासुद्धा काही बोलले नाहीत. प्रतिपक्षाचं जन्मसाल काढायचं नाही, एवढी सभ्यता त्या टेबलावर आहे. कारण सगळ्यांचीच जन्मसालं अडचणीची आहेत.

या फडाचा पहिला कायदा : आपला पैलवान हरत नसतो. त्याला हरवतात. पंच हरवतात, गादी हरवते, आदल्या रात्रीचा प्रवास हरवतो. अगदीच काही नाही तर लंगोट ऐन वेळी ढिला झालेला असतो. समोरचा पैलवान मात्र जेव्हा हरतो तेव्हा सरळ हरतो, कारण त्याच्यात दम नव्हता. आणि समोरचा जिंकला तर ती 'नुरा' होती, म्हणजे आधी ठरवून केलेली. हा कायदा पाठ असला की कुठल्याही कुस्तीवर, ती न बघताही, अधिकारानं बोलता येतं. बघितली तर उलट अडचण होते.

कायद्याची खरी कसोटी लागली जानेवारी २०२३ मध्ये. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : महाराष्ट्र केसरीत दोन वाटा असतात, एक गादीची आणि एक मातीची. दोन्हीकडून एकेक पैलवान वर येतो आणि शेवटी ते दोघं चांदीच्या गदेसाठी भिडतात. त्या वर्षी पुण्यात मातीच्या वाटेवर सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघंही सोलापूर जिल्ह्यातले. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, म्हणून तो अण्णांचा. महेंद्र पुण्यात काका पवारांच्या हाताखाली तयार झालेला आणि काका पवार मूळचे लातूरकडचे, शिवाय बिराजदारांच्या परंपरेतले, म्हणून तो बप्पांचा. जिल्हा एकच असला तरी तालीम दोघांना वेगळं करते. गावातल्या भावकीचं काही याहून निराळं नाही.

महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर स्पर्धेबाहेर गेला. आणि अख्खा महाराष्ट्र त्या चार गुणांवर तुटून पडला. पाठ खरंच पुरती वळली होती का? चार द्यायचे होते का दोन? आमच्या टेबलावर ही चर्चा प्रात्यक्षिकापर्यंत गेली. बप्पांनी प्लॅस्टिकची खुर्ची समोर घेतली, तिला सिकंदर मानलं, तिच्या पाठीला कवळा घातला आणि उजवी टांग बाहेरून टाकली. खुर्ची गेली. तिचा एक पाय मुळापासून निघाला, बप्पा तिच्यावर, आणि बप्पांवर शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा जग. सगळे उठवायला धावले. अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी वाकून नीट बघितलं आणि निकाल दिला :

''खांदा टेकला न्हाई खुर्चीचा. दोनच गुण.''

नानांनी खुर्ची बप्पांच्या खात्यावर मांडली. बप्पांच्या मते ती अण्णांच्या खात्यावर जायला हवी होती, कारण सिकंदर त्यांचा.

त्या स्पर्धेची अंतिम कुस्ती झाली शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांच्यात. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे. शिवराज जिंकला. बप्पांच्या घरचीच गदा म्हणायची. माणसानं पेढे वाटायला हवे होते. बप्पा मात्र तोंड पाडून बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, ''दोन्ही आपलेच निघाले. आता शिव्या कुणाला द्यायच्या?'' हेच २०२० च्या जानेवारीत झालं होतं. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही एकाच वस्तादाचे. कुस्ती जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या हॉटेलात त्या दिवशी चहा खपला नाही. खिलाडूपणासारखं धंद्याला वाईट काही नाही, असं नाना तेव्हापासून मानतात.

म्हणून २०२३ ची अंतिम कुस्ती लोक आठ दिवसांत विसरले आणि त्याच्या आधीची, ती चार गुणांची, पुढं दहा महिने लढत राहिले. नोव्हेंबरात पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली, पुण्याजवळ फुलगावला. या वेळी अंतिम फेरीत सिकंदर आणि शिवराज. अण्णांनी घरचं सगळं काम सोडलं, पहिल्या खुर्चीवर बसले, चहा सांगितला. चहा यायच्या आत सिकंदरनं शिवराजला चितपट केलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. दहा महिने वाट पाहिलेली कुस्ती, आणि ऐन वेळी अण्णा नानांना 'साखर कमी' असं सांगायला मागं वळलेले! त्यांनी ती नंतर मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली की सगळी मिळून तास-दीड तासाची कुस्ती झाली असेल. बप्पांची प्रतिक्रिया एका वाक्याची होती : ''एवढ्या लवकर पडतो का माणूस कव्हा? पाय घसरला.''

आता मोबाइलविषयी. आमच्या लहानपणी कुस्तीचा निकाल हलगीवाल्याला आधी कळायचा. त्याची काडी थांबली की कुस्ती झाली. त्यावर अपील नव्हतं. मोबाइलनं अपिलाची सोय केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादीवर शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ लढले, पंचांनी शिवराजला चीत दिलं, आणि शिवराज म्हणाला, खांदे टेकलेच नाहीत. पुढं त्यानं पंचाला लाथ मारली, ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही शेवटच्या क्षणांत निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. म्हणजे आमच्या टेबलाचा पहिला कायदा आता खुद्द पैलवानही पाळायला लागले होते. बप्पांना त्याचा अभिमान वाटला का काळजी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला होता. त्यावर सहा डोकी वाकलेली. पडद्याची काच कोपऱ्यात तडकलेली, आणि नशीब असं की तडा बरोब्बर शिवराजच्या डाव्या खांद्यावरून जात होता. क्लिप पुढं, मागं, पुन्हा पुढं. ज्याला थांबवायची असेल तो अंगठा लावायचा आणि अंगठ्याखाली नेमका खांदा झाकला जायचा. 'हे बघा, हे बघा, इथं!' म्हणून बोट ठेवलं की क्लिप आपोआप दहा सेकंद पुढं पळायची आणि तिथं लाथ सुरू असायची. मग परत मागं. एकानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. खांदा इतका मोठा झाला की तो खांदा आहे का गादीची शिवण, यावर नवा वाद उभा राहिला. नाना बरणीतून साखर घ्यायला आले आणि मोबाइल पालथा पडला.

''टेकला!'' सगळे एकदम म्हणाले. त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्या एकाच निकालावर.

टेबलाच्या कोपऱ्यात एक आबा बसतात. ऐंशीच्या पुढचे. ते गादीवरची कुस्ती मानत नाहीत. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, रेषेबाहेर ढकललं की एक गुण, दहा गुणांची आघाडी झाली की संपलं, हे सारं त्यांना तलाठ्यानं काढलेलं वाटतं. ''पाठ लागली का न्हाई लागली, एवढं सांगा. बाकीचं सातबाऱ्यावर चढवा.'' त्यांच्या काळी जोड तोडीस तोड असली तर कुस्ती अंधार पडेपर्यंत चालायची आणि मग बरोबरीत सोडवायची. दोघांचे फेटे शाबूत, दोन्ही गावं खूश. आता बरोबरीच नाही. कुणीतरी हरलंच पाहिजे, असा हट्ट कशाला, हा आबांचा प्रश्न मला फार वेळा रास्त वाटतो.

आबांपुढं कुठल्याही पैलवानाचं नाव काढा, ते मागं जातात. सिकंदर म्हटलं की श्रीपती खंचनाळे, १९५९ चा पहिला हिंदकेसरी. राक्षे म्हटलं की गणपत आंदळकर किंवा मारुती माने. दोघांनीही १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून एकेक सोनं आणि एकेक रौप्य आणलेलं. आणि कोणी तरीही आवरलं नाही की शेवटचा डाव : खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यापुढं सगळे गप्प बसतात, कारण खाशाबांना 'नुरा' म्हणायची हिंमत बप्पांचीही नाही.

डावपेचांवर जमलं नाही की तुलना खुराकावर येते. हे माझ्या आवडीचं प्रकरण. इथं प्रत्येक चाहता आपल्या पैलवानाच्या पोटात स्वतः जाऊन आल्यासारखा बोलतो. 'दिवसाला चार लिटर दूध.' 'आमचा पाच.' 'बदाम अर्धा किलो.' 'तूप वेगळंच.' बोलता बोलता पैलवान एका दिवसात गावच्या डेअरीतलं सगळं संकलन संपवतो. बप्पा स्वतः डेअरीला दूध घालतात आणि फॅट किती लागली यावर दर पंधरवड्याला भांडतात. पण पैलवानाचं दूध सांगताना फॅट कमी लावल्याचं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बिचारा पैलवान सकाळी चारला उठून हजार जोर-बैठका मारतो, त्याची बेरीज मात्र कोणी करत नाही. कष्टाला तुलनेत भाव नाही. बदामाला आहे.

कधीकधी हा वाद हॉटेलाबाहेरही जातो, आणि जातो तो थेट हायकोर्टात. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ७४ किलोत नरसिंग यादव जाणार का सुशीलकुमार, यावरून देश पेटला होता. नरसिंग तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत पदक घेऊन जागा त्यानं मिळवलेली. सुशील दोन ऑलिंपिक पदकांचा धनी. तो म्हणाला, ट्रायल घ्या. दिल्ली हायकोर्ट म्हणालं, नाही. पुढं नरसिंग उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत अडकला आणि शेवटी रिओत दोघांपैकी कोणीच खेळलं नाही. तेव्हापासून 'ट्रायल घ्या' हा शब्द आमच्या टेबलावर कायमचा राहिला. चहा कुणाच्या हॉटेलातला चांगला? ट्रायल घ्या. पाऊस यंदा कुणाच्या शिवारात जास्त पडला? ट्रायल घ्या. अण्णांच्या पुतण्याला दोन स्थळं आली तेव्हाही बप्पा हेच बोलून गेले आणि आठ दिवस दोघांचं बोलणं बंद होतं.

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याला मुद्दाम या टेबलावर नेला. त्यानं सांगितलं की तिकडं कॉलेजांच्या फुटबॉलचं असंच वेड आहे. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. हातात धरून पळायचा, शिरस्त्राण घालून एकमेकांना पाडायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. चेंडू पहिला त्याच्या हातात येतो आणि पुढं कुणाकडं फेकायचा हे तोच ठरवतो. संघ जिंकला तर तो देव, हरला तर त्यानंच घालवलं. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांत शंभरावर वर्षांचं वैर. दोघांचीही मैदानं लाखाच्या वर माणसं बसतील एवढी. सामन्याच्या आठवड्यात ओहायोवाले आपल्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल पट्टीनं खोडून ठेवतात, कारण मिशिगन 'एम'नं सुरू होतं. आणि आमचा या वर्षीचा क्वार्टरबॅक तुमच्या तीस वर्षांपूर्वीच्यापेक्षा भारी का हलका, यावर लोकांची लग्नं मोडायची वेळ येते.

टेबल भारावून गेलं. आबांना एकच गोष्ट पटेना.

''कालेजातली पोरं खेळत्यात, अन् लाख माणूस बघाया येतं?''

''हो आबा.''

''आमच्या कालेजात हजेरीला माणूस न्हाई.''

अण्णांनी पंचांची चौकशी केली. पंच चुकला तर तिथंही लोक ओरडतात, हे ऐकून त्यांना अमेरिकेविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. बप्पा मात्र वेगळ्याच विचारात. ''अकरा माणसं खेळणार अन् हरलं की एकाच्या डोक्यावर. लई सोपं काम हाय चाहत्याचं तिकडं.'' आणि मग हळूच : ''ते अक्षर खोडायचं मात्र झ्याक हाय.'' दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या भावफलकावर 'कोल्हापुरी मिसळ' यातला 'कोल्हापुरी' खडूनं खोडलेला होता. मिसळीची चव आधीपासूनच तशी असल्यामुळे गिऱ्हाइकांना फरक कळला नाही.

पलीकडच्या टेबलावर पोरं बसतात. त्यांचं क्रिकेट. त्यांचा बीडचा सचिन धस. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले चार गडी ३२ धावांत गेले होते. तिथून उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडून हा ९६ वर बाद झाला. पोरांचा वाद असा की ते ९६ मोठे का कुणाचंतरी शतक मोठं. चार धावांसाठी ती पोरं जेवढी भांडली, तेवढी त्यांच्या आयांनी दहावीच्या चार मार्कांसाठीसुद्धा भांडली नसतील. त्या टेबलाकडं आमचं टेबल मायेनं बघतं. पुढची पिढी तयार होते आहे.

आणि तरी याच जिल्ह्याचा एक मोठा गडी आमच्या टेबलावर कधी येत नाही : अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सोनं सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. केनियाचा किबिवोट तेवढाच पुढं. सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, फोटोही भिंतीवर आहे. पण वाद नाही. मी एकदा बप्पांना छेडलं. ते म्हणाले, ''त्यो पळतो केनियावाल्यांसंगं. आता केनियावाल्याची बाजू घेणारा माणूस म्या लिंबागणेशात कुठून आणू?'' मला वाटतं चाहतेपणाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. नुसता मोठा खेळाडू असून भागत नाही. समोर त्याची जोड हवी आणि त्या जोडीचा माणूस तुमच्याच टेबलावर, तुमच्याच उधारीवर चहा पीत बसलेला हवा.

याचा पुरावा मागच्या उन्हाळ्यात मिळाला. अण्णा मुलाकडं चाकणला गेले आणि तिकडंच रमले. पहिले आठ दिवस बप्पा विजयी मुद्रेनं फिरले. मग गप्प झाले. कुणीतरी नवखा म्हणाला, सिकंदरसारखा पैलवान नाही. बप्पा म्हणाले, ''असंल.'' टेबल हादरलं. नानांनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. त्यानंतर जे झालं ते मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो. बप्पांनी स्वतःच कोल्हापूरची बाजू घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. ती त्यांनी इतकी जोरात मांडली, गंगावेस तालमीची अशी स्तुती केली, की अण्णांना इतक्या वर्षांत तसं जमलं नव्हतं. आणि मग भरल्या हॉटेलात चाकणला फोन लावला, ''चार गुण बरूबर व्हते!'' एवढंच बोलले आणि ठेवून दिला. अण्णा चौथ्या दिवशी गावात हजर. कारण विचारलं तर म्हणाले, तिकडचं पाणी मानवत नाही.

एका नावावर मात्र हे दोघं एक होतात. राहुल आवारे, पाटोद्याचा. याच रस्त्यानं पुढं गेलं की त्याचं गाव. बिराजदारांच्या आणि मग काका पवारांच्या हाताखाली घडला. वजन ५७ किलो, म्हणजे महाराष्ट्र केसरीची गदा त्याच्यासाठी नाहीच. ती भारी वजनवाल्यांची. २०१६ च्या रिओला त्याच्या वजनात संदीप तोमर गेला. मग २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ नं हरवून सोनं घेतलं आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. आता अडचण अशी की ऑलिंपिकमध्ये ६१ किलोचा गटच नाही. ५७ आहे, त्यावर एकदम ६५. जागतिक पदक मिळालं ते नेमकं मधल्या खड्ड्यात. यावर आमच्या टेबलानं सर्वानुमते ठराव केला होता की ऑलिंपिकनं एक गट वाढवावा. ठराव कुठं पाठवायचा यावर मतभेद झाले. बप्पा म्हणाले दिल्ली, अण्णा म्हणाले जपान.

राहुलचा विषय निघाला की जोड बदलते : बप्पा-अण्णा एकीकडं आणि निवड करणारी दिल्ली दुसरीकडं. दिल्लीची बाजू घ्यायला टेबलावर कोणी नसतं, म्हणून ते काम कधीकधी माझ्याकडं येतं. मी 'नियमाप्रमाणं झालं असेल' एवढंच म्हणायचं असतं. मग अर्धा तास चांगला जातो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सिकंदर नाही, राक्षे नाही, मोहोळ नाही. या पिढीतला महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा पैलवान राहुल आवारे. राज्याची गदा नसली तरी जगाचं पदक आहे, आणि तेही खाशाबांच्या वजनाच्या आसपास राहून. हे मी त्या टेबलावर बोललो आहे आणि मला 'वजन सोडून बोला' असं सांगण्यात आलं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी लिंबागणेशला जरूर यावं, आधी भालचंद्राचं दर्शन घ्यावं आणि मग हॉटेलात यावं. चहाचे पैसे वादात हरणाऱ्यानं द्यायचे, असा तिथला नियम आहे. आजपर्यंत एकही जण हरलेला नाही, त्यामुळे नानांची उधारी बरीच तुंबली आहे. येताना सुटे पैसे घेऊन या.